पत्ता वापरात आहे

वरच्या खोलीतला नकुल कुशवाह
रात्री साडेअकराला लॅपटॉप उघडाच घेऊन खाली येतो,
म्हणतो, काकी, आज सॉकेट शिकतोय.
मला हसू येतं.
सॉकेट मी बावीस वर्षं बोटांनी ओळखत होते,
लश्करच्या एक्स्चेंजमध्ये, उंच स्टुलावर,
पितळी काठाची भोकं, लाल दोऱ्या,
डावीकडे मुरार, उजवीकडे ट्रंक लाइनी:
झाशी, भोपाळ, पुणे.

तो सांगतो, आधी सॉकेट बनवायचं,
मग त्याला एक नंबर बांधायचा,
मग ऐकत बसायचं.

ऐकत बसायचं.
किती सहज म्हणाला.
माझा पहिला जानेवारी, रात्रपाळी,
दोन स्वेटर, कानावर हेडफोनचं गार लोखंड
आणि कुणीच बोलत नसलेली लाइन.
ऐकणं हेही काम असतं, त्याचा पगार मिळतो,
हे सासरी कुणाला पटलं नव्हतं.

मग कुणीतरी हाक देतं.
ऐकू येतंय?
येतंय. माझं येतंय का?
येतंय.
तीनच वाक्यं, नकुल बोटांवर मोजून दाखवतो,
त्याआधी मजकुराचं एक अक्षर पुढे जात नाही.
अरे, सातारा लागला की आम्ही हेच करायचो,
फक्त ओरडून.

पुढचं मात्र मला नवं होतं.
बोलणं म्हणे अखंड जातच नाही.
तुकडे होतात, प्रत्येकावर क्रमांक,
एक आग्र्यावरून, एक भलत्याच वाटेने,
सातवा आधी पोचला तर पाचव्या-सहाव्यासाठी खोळंबतो,
हरवला तो पुन्हा पाठवतात.
आमच्याकडे तसं नव्हतं.
आम्ही तांब्याची अख्खी वाट दोन माणसांना देऊन टाकायचो,
तीन मिनिटं.
ती गप्प बसली तरी वाट त्यांचीच.
गप्प बसण्याचेही पैसे पडायचे.

दुसरी एक रीत आहे, तो म्हणतो,
तिच्यात पोच मागतच नाहीत. टाकलं, विसरलं.
माझ्या जाऊबाईंची पत्रं तशी होती.

मग त्याने प्रोग्राम बंद केला, पुन्हा सुरू केला,
आणि स्क्रीनवर ओळ आली: पत्ता वापरात आहे.
कोण वापरतंय? मी विचारलं.
कुणीच नाही, काकी. दोन्हीकडून निरोप झाला.
पण ज्याने आधी निरोप घेतला
त्याला मिनिटभर दार अडवून थांबावं लागतं.
वाटेत एखादा तुकडा रेंगाळलेला असेल,
तो उशिरा येऊन
दुसऱ्याच कुणाच्या बोलण्यात शिरायला नको.

मी काही बोलले नाही.

एकोणऐंशी साल. सोलापूरहून एक बाई.
इकडच्या मुलाने फोन ठेवला, दिवा लागला,
मागे अकरा जण ताटकळलेले,
मी दोरी ओढली आणि तीच लाइन पुढच्याला जोडली.
बाईंनी अजून ठेवला नव्हता.
"आणि औषध वेळेवर घेत जा रे,"
हे दाल बाजारच्या एका हरभऱ्याच्या दलालाच्या कानात पडलं.
तो म्हणाला, जी? कौन सी दवा?
बाई घाबरून गप्प झाल्या.
मी रजिस्टरात राँग नंबर लिहिलं.
मुलाचं नाव चिठ्ठीवर होतं, आता आठवत नाही.
औषध कसलं, ते तर कळलंच नव्हतं.

एक ओळ लिहिली की थांबावं लागत नाही, नकुल म्हणाला,
सगळे लिहितात.
उद्या लिही, मी म्हटलं.

तो पायरीवर बसला. फ्रिज घरघरून थांबला.
बाहेर चौकीदाराची काठी एकदा वाजली, मग लांब.
त्याने घड्याळ पाहिलं,
पुन्हा चालवून बघितलं.

लागलं, म्हणाला.
ऐकतंय.